फक्त तुलाच सांगतो

बाबा गेल्यावर त्यांचे फिरायला जाणारे मित्र भेटायला आले. मला फोटोकडे बघवत नव्हतं. आमची मोबाईलची कंपनी गुपचूप विजेवरची कार बनवतेय, हे घरीही सांगायला बंदी होती. बाबांनाही मी शेवटपर्यंत सांगितलं नाही, तेच सलत होतं.

नाचणेकाका कानाशी वाकले. “पोरी, तुमची कार कधी येतेय? फक्त मलाच सांगितलं होतं त्याने.”

“तुला? मलाच म्हणाला होता!” टिपरेकाका ओरडले. सोफ्यावरचे सगळेच एकमेकांकडे बघायला लागले.

“पण बाबांना कळलं कसं?”

“तू फोनवर टायरवरून भांडत होतीस. मोबाईलला टायर कशाला, म्हणाला.”

मला हसू फुटलं. तरी मी म्हणाले, “काका, आम्ही फक्त मोबाईल बनवतो.”

“तू असंच म्हणशील, हेही सांगून गेलाय तो.”