चौकोनी दांड्या

गाडीच्या टपावर लावायला दांड्या घ्यायच्या म्हणून काका सकाळपासून दुकानात ठाण मांडून बसले होते. गाडी चांगली लांबलचक, ऐसपैस. एके काळी तीन पोरं, बायको आणि सासूबाई एवढं लटांबर घेऊनही डिकीत जागा उरायची.

"काका, माझं ऐका, ह्या चपट्या घ्या," दुकानदार म्हणाला. "चौकोनी दणकट आहेत, पण वर सामान नसलं की वाऱ्यानं एकसारख्या शिट्ट्या मारतात. घरातली माणसं डोकं खातील तुमचं."

काकांना हसू आलं. पोरं मागे खिडकीसाठी भांडायची, बायको भसाड्या आवाजात गायची, आणि स्टिअरिंग धरून काका खेकसायचे, "ए, गप्प बसा रे जरा!" आता पोरं आपापल्या संसारात, बायको भिंतीवरच्या फोटोत. गाडीत इंडिकेटरची टिकटिकसुद्धा अंगावर यायची.

"चौकोनीच लाव."

"पण वर नेणार काय तुम्ही?"

"काही नाही रे."

दुकानदारानं कपाळाला हात लावला आणि दांड्या बसवून दिल्या.

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. काकांनी वेग वाढवला, तसा टपावर शिट्ट्यांचा नुसता कल्ला सुरू झाला.



आरशातून रिकाम्या मागच्या सीटकडे बघत काका कितीतरी दिवसांनी मनापासून खेकसले, "ए, गप्प बसा रे जरा!"