फिकट गुलाबी

डी.फार्मच्या प्रॅक्टिकल परीक्षेत ॲसिडमध्ये अल्कली थेंबथेंब सोडायची होती. फिकट गुलाबी रंग दिसला की ब्युरेटचा नळ बंद. एक थेंब जास्त पडला तर रंग गडद, आणि प्रयोग फसला. भामरागडच्या रिनाला तो रंग दर वेळी साधायचा आणि समोरच्या उर्वशीच्या पोटात दुखायचं. आजही स्वतःचा नळ चालू ठेवून तिचे डोळे रिनाच्याच फ्लास्कवर होते. होऊ दे गडद देवा, एकदा तरी होऊ दे!

“उर्वशी, नळ बंद कर नं! तुया फ्लास्ककडे पाय!” रिना ओरडली.

उर्वशीने झटकन नळ फिरवला. रंग फिकट गुलाबी, अगदी हवा तसा.

तिच्याकडे बघण्याच्या नादात रिनाचा फ्लास्क मात्र गुलालासारखा गडद झाला होता.