साकिए आजीचा मेणा

आमचं डोंगरातलं गाव तीनशे वर्षांपूर्वी होतं तसंच दिसलं पाहिजे, म्हणून सकाळी दहा ते दुपारी चार इथल्या रस्त्यावर गाडी आणायची नाही असा नियम आहे. पर्यटक त्यासाठीच येतात. त्या रविवारी भर दुपारी साकिए आजी दारातल्या पायरीवरून घसरली आणि तिचा घोटा सुजून टम्म झाला.

"गाडी मागव की रे," ती गाव-समितीच्या कुरामोचींना म्हणाली.

"चारपर्यंत कळ काढा, आजी. लोक जुनं गाव बघायला आलेत."

"मग मला बघू देत. माझ्याहून जुनं काय आहे इथे?"

शेवटी कुरामोचींनी संग्रहालयातला मेणा बाहेर काढला. त्यांनी आणि मी तो खांद्यावर घेऊन आजीला खालच्या वाहनतळापर्यंत नेलं. ती वाटभर कण्हत होती आणि आम्हाला शिव्या घालत होती. दोन्ही बाजूंनी टाळ्या पडत होत्या, फोटो निघत होते.

पुढच्या शनिवारी मी आजीकडे लाकडं रचत होतो, तेव्हा कुरामोची सुकवलेल्या पर्सिमन फळांची माळ घेऊन आले.

"पाय कसा आहे, आजी?"

"एकदम बरा. सकाळी मळ्यात जाऊन मुळे उपटून आले."

कुरामोचींचा चेहरा पडला. त्यांनी रस्त्यावर इकडेतिकडे पाहिलं आणि दार हळूच सरकवून लावून घेतलं.

"उद्या अकराला तीन बसगाड्या येतायत," ते खालच्या आवाजात म्हणाले. "बरं वाटतंय म्हणून आणखी कुणाला बोलला नाहीत ना?"