सशासाठी शांतता

घोडे सुटले आणि चाळीस हजार माणसं गप्प राहिली.

नुसत्या टापा ऐकू येत होत्या, मैदानाच्या पलीकडच्या कडेने, पत्र्यावर कुणी वाटाणे ओतावेत तशा. तिने खांद्यावरचं बाळ सावरलं. शेजारच्या बाई कुजबुजल्या, "अहो, हा उठला तर?"

"नाही उठायचा," ती म्हणाली आणि मनातून पार घाबरली. अख्ख्या मैदानाला तंबी दिली होती. या एवढ्याशा जिवाला कोण देणार?

कल्पना तिचीच होती. घोड्याचं कागदावरचं नाव भारदस्त होतं, पण तबेल्यात त्याला ससा म्हणत. बादली पडली तरी भिंतीला चिकटायचा. सासरे त्याचे ट्रेनर, नवरा त्याचा जॉकी, आणि खाणंपिणं, पाय शेकणं, दुखलंखुपलं सगळं तिच्याकडे. हंगामातल्या तीन मोठ्या शर्यतींपैकी दोन सशाने मारल्या होत्या. गर्दीच्या आवाजाचा त्रास नको म्हणून ती त्याच्या कानांत कापसाचे बोळे घालायची. दोन्ही वेळा ऐन शेवटी ते गळून पडले. "बोळे गळूनसुद्धा जिंकला!" असं जो तो कौतुकाने सांगे. त्यानंतर तो कित्येक दिवस थरथरत उभा असे, वैरणीला तोंड लावत नसे, हे मात्र तिलाच ठाऊक होतं.

मालकांनी शब्द दिला होता. तिसरी जिंकला की कायमचा कुरणात. हरला तर पुढच्या हंगामात पुन्हा हेच.

"बाबा, लोकांनाच सांगून बघू या का, ओरडू नका म्हणून?"

"सूनबाई, मैदान म्हणजे काय बाळाची खोली वाटली का तुला?" सासरे हसले होते. पण गेले होते माईकवाल्याकडे. आणि लोकांनी ते असं काही उचलून धरलं की आज जो तो ओठांवर बोट ठेवूनच फाटकातून आत येत होता. मागच्या रांगेतला एकजण तेवढा पुटपुटला, "सशाला म्हणावं, मध्येच झाडाखाली झोपू नकोस." दहा जणांनी त्याला डोळ्यांनीच दटावलं.

वळण आलं. ससा पुढे होता. नवऱ्याची पिवळी टोपी सगळ्यांच्या पुढे. मग सरळ पट्टा लागला, स्टँड समोर आला. इथेच तो दर वेळी बाणासारखा सुटायचा.

सुटला नाही.

तिने डोळे बारीक केले. लंगडत नव्हता. मान सैल होती. शर्यतीत कायम मागे चिकटलेले कान आज बोळ्यांविना ताठ उभे होते, इकडून तिकडे वळत होते. त्याने चक्क स्टँडकडे बघितलं. इतकी माणसं, आणि कुणीच अंगावर येत नाही! नवरा हातांनी रेटत होता, चाबूक दाखवत होता. तपकिरी घोडा बरोबरीला आला.

आत्ता तिला उमगलं. गळूनसुद्धा नव्हे, बोळे गळाले म्हणूनच तो जिंकला होता. शर्यत त्याच्या गावीही नव्हती. तो आपल्या सगळ्यांना भिऊन, जीव मुठीत धरून पळत होता.

अजून वेळ होता. एक किंकाळी पुरे होती. तिने आवाज फोडला असता तर मागोमाग सगळं मैदान फुटलं असतं, ससा सुटला असता, आणि पुन्हा कधीच त्याला पळावं लागलं नसतं. एवढी एकच वेळ. लस टोचताना बाळाला घट्ट धरून ठेवतो, तसं. तिने तोंड उघडलं.

ससा समोरून चालला होता. उन्हात, मजेत, शेजारच्या घोड्याशी सलगी करत.

तिने तोंड मिटलं.

तो चौथा आला. लोकांनी रोखलेला श्वास सोडला, तेवढाच काय तो आवाज. मग पैजेची तिकिटं फाटू लागली. बाळ त्या टरटरीनेच जागं झालं.

ती मागच्या आवारात पोचली तेव्हा सशाने गवताच्या भाऱ्यात तोंड खुपसलं होतं. सासऱ्यांचा चेहरा लाल झाला होता.

"काय झालं ह्याला? पाय? पोट? बोला की कुणीतरी! मालक तिकडे उभे आहेत. पुढच्या हंगामाचं काय, ते त्यांना आत्ता सांगायचंय मला."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. पाठीवर बसलेल्याला कळल्याशिवाय राहत नाही. खरं सांगितलं तर उपाय सोपा होता. पुढच्या वेळी लोकांना बेंबीच्या देठापासून ओरडायला सांगायचं.

"दम संपलाय त्याचा, बाबा," ती म्हणाली.

"मलाही वर बसून तसंच वाटलं," नवरा टोपीचा पट्टा सोडत म्हणाला. मान वर न करता.

सासरे पुढे झाले. घोड्यांतच हयात गेलेला माणूस. त्यांनी सशाच्या बरगड्यांवर तळवा टेकवला. श्वास संथ चालला होता, दुपारी पडी टाकलेल्या माणसासारखा. तळवा बराच वेळ तिथेच राहिला. सशाने खाणं थांबवलं नाही.

"हो की," ते शेवटी म्हणाले. "पार संपलाय बिचाऱ्याचा दम. थांबा तुम्ही, मालकांना मीच सांगतो."