आठ सोमवारांचं पाणी

शिंगटे सर विहिरीत डोकावले आणि सम्मेद दोन पावलं मागं सरकला. विहिरीचं पाणी चहाच्या रंगाचं होतं. तेही पातळ नव्हे, चांगल्या दाट चहाच्या.

सरांच्या हातात त्याच्या प्रकल्पाची वही होती. या विहिरीचं पाणी किती गढूळ, ते दर सोमवारी मोजायचं, एवढंच काम. वहीत आठही सोमवारी पाणी अगदी नितळ निघालं होतं! म्हणून तर सर सांगलीहून थेट गावी येऊन उभे राहिले होते.

“आकडे मनानंच लिहिलेस ना? खरं सांग. प्रकल्प रद्द झाला तर वर्ष गेलं तुझं.”

“शपथ, सर! कॉलेजच्या लॅबमध्ये एकेक बाटली तपासलीय.”

“तपासलीस. पण भरली कुणी?”

आता आली का पंचाईत! सिव्हिल आणि पर्यावरण इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेला हा पठ्ठ्या सोमवारी हॉस्टेलच्या फाटकाशी उभा राहायचा. गावाकडची दूधगाडी यायची, बाटली उतरायची. आठ आठवड्यांत स्वारी विहिरीकडे एकदाही फिरकली नव्हती. वहीत मात्र ‘नमुना स्वतः घेतला’ असं झोकात लिहिलेलं.

“आईनं,” तो पुटपुटला. कान लालेलाल झाले होते.

तेवढ्यात त्याची आई, गुणमालाबाई, पदर सावरत आल्या. पोराचे सर घरी आले म्हणून बाईंना कोण आनंद!

“बाटलीत याच विहिरीचं पाणी भरत होतात ना?” सरांनी विचारलं.

“ह्याच की! पर आवं, असलं कसं धाडायचं? तुरटी फिरवायची, घटकाभर निवळू द्यायचं, मग चारपदरी फडक्यातनं गाळायचं. आमच्या जैनांच्यात न गाळलेलं पाणी कुणाला देत न्हाईत. तुमी तर पोराचं सर!” बाईंनी जरा काळजीनं विचारलं, “प्यायला बरं लागतंय न्हवं?”

सम्मेदनं डोळेच मिटून घेतले. वर्ष गेलं, नक्की गेलं.

सर बराच वेळ हसत होते. मग त्यांनी पेन काढलं. वहीवरचं शीर्षक खोडून ‘घरगुती जलशुद्धीकरण’ असं लिहिलं. त्याखालचं सम्मेदचं नावही खोडलं.

“प्रकल्प पास,” ते म्हणाले. “ताई, तुमचं पूर्ण नाव सांगा.”