बरणीतली कोळंबी

लढाईवर जाताना गुंडानं रत्नागिरीहून आणलेली जिवंत कोळंबी, समुद्राच्या पाण्याच्या बरणीसकट, आईच्या हवाली केली. "पाणी आटलं तर साधंच घाल. मीठ घालू नगंस, मीठ काय आटत न्हाई."

राहीबाई नेमानं पाणी घाली. एका सकाळी तिला तळाशी कोळंबीचं नुसतं पोकळ टरफल दिसलं. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी बरणीतल्या दगडाआडून कोळंबी बाहेर आली, कात टाकून चांगली थोराड झालेली.

दिवाळीच्या तोंडावर पलटणीतून गुंडाची ट्रंक तेवढी आली. आतली वर्दी बघून त्याचा बाप, नाथाजी, रडू लागला.

राहीबाईनं वर्दी झटकून दांडीवर टाकली.

"आवं, रडताय कशापायी? कात हाय ही. त्यो आसंल कुठंतरी दगडाआड."