बिनभोकाचा पैसा

जावयानं सासरी एका जागी बसावं, पान खावं, विचारलं तेवढं बोलावं. महिपतीला ते जमेना. सकाळपासून तो ओटीवरून उठत होता, माजघरातल्या कोनाड्यापाशी जात होता आणि कुणी आलं की पाणी प्यायला आल्यासारखं करून परत फिरत होता. एवढं पाणी तर बैल पीत नाही.

कोनाड्यात एक पैसा पडला होता. लढाईत तांबं महागलं तसं सरकारनं पैशाला मधोमध भोक पाडायला सुरुवात केली होती. या एकाला ते पाडायचंच राहून गेलं होतं. कामशेतच्या बाजारात कुणीतरी तो सासूच्या, रतनबाईच्या हातावर टेकवला आणि मग इथं गावात, कान्ह्यात कुणी घेईना. खोटा म्हणून तिनं तो कोनाड्यात भिरकावला होता.

महिपती लोणावळ्याला रेल्वेच्या पार्सल हापिसात होता. तिथल्या एका म्हाताऱ्या पारशी डॉक्टरचं बघून त्याला चुकलेल्या नाण्यांचं वेड लागलं होतं. अजून वर्षही झालं नव्हतं. जे जे त्यानं डॉक्टरपुढं नेलं ते हसण्यावारी गेलं. एक रुळाखाली चेपलेलं निघालं, एक सोनारानं कानस मारलेलं. टाकसाळीत चुकलं ते खरं, बाहेर कुणी बिघडवलं ते भंगार, एवढं डॉक्टरनं त्याच्या डोक्यात घातलं होतं. या पैशावर त्यानं नख फिरवून पाहिलं होतं. भोकाच्या जागी दोन्ही बाजूंनी गोल रेघ उठलेली, आत तांबं सपाट, कुठं सांधा नाही, भोक बुजवून डाक दिल्याची खूण नाही. हा खरा होता. त्याचा पहिला.

आणि तो मागता येत नव्हता. बाळंतपण उरकलेल्या बायकोला आणि लेकीला न्यायला आलेल्या जावयानं मागायचं तर अंगठी मागावी, घड्याळ मागावं. पैसा मागितला तर सगळं गाव हसायचं. न विचारता खिशात घालावा तर ती चोरी. गाडीची वेळ जवळ आली तसा त्याचा पाय जमिनीवर ठरेना. शेवटी त्यानं बायकोला, शालूला, मागच्या दारी गाठलं आणि तो पैसा आईकडून मागून घे म्हणून सांगितलं. कशाला, ते सांगायचं धाडस झालं नाही.

शालूनं चुलीपाशी जाऊन निरोप दिला. रतनबाईची भाकरी तव्यावर करपली.

"त्यो खोटा पैसा?"

"व्हय. त्योच पायजे म्हनत्यात."

"त्यापायी सकाळधरनं येरझारा व्हय? मला वाटलं, पोट बिघाडलंय."

पण तिचा हात थांबला होता. पैसा माणसाला कशाला लागतो? पोर झोपेत दचकत होती. दचकू नये म्हणून कमरेच्या करगोट्यात ओवायलाच मागत असणार, दुसरं काय. लुगडं घेतलं, नातीला चांदीचे वाळे घेतले, आणि एवढ्याशा पैशाला आपण विसरलो. दुसरा द्यावा तर जावयाच्या शब्दाला कमी लेखल्यासारखं. हाच द्यावा तर तिकडं विहीणबाई तो उलटा-सुलटा करून बघणार आणि चार बायकांत म्हणणार, रतनबाईनं नातीची बोळवण खोट्या पैशावर केली. रतनबाई कुणाला भीत नव्हती, पण विहिणीच्या तोंडाला टाळं नव्हतं. तिनं कोनाड्यातला पैसा उचलला आणि तशीच बाहेर पडली.

महिपती पुन्हा पाणी प्यायला आला तेव्हा कोनाडा रिकामा होता. आई अंबाजी लोहाराकडं गेली, शालू म्हणाली. तो अनवाणीच अंगणात धावला. भात्यापाशी कुणाचं तरी हसणं ऐकू आलं, आणि मग घणाचा एकच घाव.

रतनबाई आली ती पैसा काळ्या दोऱ्यात ओवूनच. नातीला मांडीवर घेऊन तिनं तो तिच्या कमरेला बांधला, गाठ ओढून बघितली आणि पोर जावयाच्या हातात दिली.

"घ्या जावईबापू. खरा करून दिलाय. आमच्या घरनं कुनी खोटं न्हेत न्हाई."

महिपतीनं पैसा चिमटीत धरला. भोक अगदी मधोमध पडलं होतं, गोल रेघेच्या बरोबर आत. असे पैसे आता बाजारात पोत्यानं होते. पोरीनं त्याचं बोट पकडलं आणि तोंडाकडं ओढलं. रतनबाई मान ताठ ठेवून उभी होती, तो काय म्हणतो ते ऐकायला.

त्यानं पैसा सोडला आणि पोरीला खांद्याशी धरलं.

"टाकसाळीला जमलं न्हाई ते तुमी केलं, मामी."

रतनबाईनं शालूकडं वळून पाहिलं.

"बग," ती म्हणाली, "जावई म्या पारखूनच केलाय."